बूटवाल्याची चौथी चौकट

पेपरातलं चित्र मापानं लागतं, अर्थानं नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या पेपरचं सहावं पान मी लावतो. एकोणीस वर्षं झाली. वर राशिभविष्य, डावीकडे शब्दकोडं, खाली बूटवाला. बूटवाला म्हणजे चार चौकटींतला एक काटकुळा माणूस, पायांत होडीएवढे बूट. तो बोलत नाही, बूट काढत नाही, रस्ताभर नुसता हिंडतो. त्याला काढणारा चित्रकार मरून सात वर्षं झाली. संपादकानं दुसरा नेमला नाही. जुनी चित्रं पाकिटांतून काढायची आणि नंबरवारीनं पुन्हा छापायची. नंबर चित्रकारानंच पहिल्या चौकटीच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. मेलेल्या माणसालाही सुट्टी द्यायची नाही, असा आमचा धंदा.

माझी ताई आणि दाजी हे चित्र प्रार्थनेला बसल्यासारखे वाचायचे. चहा ठेवला की दाजी चष्मा लावायचे आणि ताईला अर्थ सांगायचे. बूटवाला खड्ड्यात पडला तर, "आज कुणाशी वाद नको." त्यानं सुकलेल्या रोपाला पाणी घातलं, त्या दिवशी दाजींनी सहा वर्षं अबोला धरलेल्या भावाला फोन केला. आणि त्या गाढवानं उचललाही.

मी एकदा म्हणालो, "दाजी, तो विनोद असतो हो."

"असू दे की," दाजी म्हणाले. "देवाला विनोद कळत नाही असं तुला कुणी सांगितलं?"

ते दाजी आता अकरा दिवस यंत्रावर होते. अंघोळीला गेले आणि तिथंच पडले. डॉक्टरबाई ताईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, मेंदू संपलाय. छाती हलतेय ती यंत्रामुळे. ठेवायचं की काढायचं, तुम्ही ठरवा. सही लागेल."

"उद्या सकाळी सांगते," ताई म्हणाली.

बाई गेल्यावर मी विचारलं, "उद्या असं काय आहे?"

"उद्याचा बूटवाला बघते. यांनी तेच केलं असतं."

माझं डोकं फिरलं. "ताई, भानावर ये! ते चित्र मी लावतो. मी! जागा मोजून. त्यात देव नाही, बीव नाही, मी आहे!"

"मग बरंच झालं," ती म्हणाली. "घरच्या माणसाच्या हातून येतंय."

कपाळाला हात लावला आणि कामावर गेलो.

त्या दिवशी दोन हजार एकशे चौदा नंबरची पाळी होती. पहिल्या चौकटीत बूटवाला वाऱ्यात चाललाय. दुसरीत एक घर दिसतं. तिसरीत तो दारात उभा, टकटक करायला हात वर केलेला. चौथी चौकटही लावली होती. तेवढ्यात जाहिरातवाला आला.

"गादीवाल्याची जाहिरात वाढलीय. दोन बोटं जागा दे."

"कुठून देऊ? पोट कापून?"

"बूटवाल्याचं एक डबडं काप. कोण बघतंय?"

पलीकडून संपादक ओरडला, "काप रे! पान छपाईला सोडायचंय!"

कापताना ताई आठवली नाही असं नाही. आठवली. तरी कापलं. हाताला सवय असते हुकमाची.

सकाळी ताईनं दाजींच्या खाटेजवळ पेपर उघडला. पायथ्याशी डॉक्टरबाई कागद घेऊन उभ्या होत्या.

"दारात उभाय," ताई पुटपुटली. "आणि पुढे गादी. गादी का?"

"ती जाहिरात आहे. जागा कमी पडली."

"तू बघितलं असशील ना? चौथ्या चौकटीत काय होतं?"

आता मला सांगा, काय करायचं? दार उघडलंच नाही म्हटलं असतं तर दाजी आणखी महिनाभर त्या नळ्यांत अडकले असते. दुसरं काही म्हटलं तर मी त्यांना मारलं. एका माणसाचं आयुष्य माझ्या जिभेवर आणून ठेवलेलं, आणि माझी अक्कल शब्दकोड्याएवढी. खोटं सुचलं नाही. होतं ते सांगितलं.

"दार बंद आहे. तो आत गेलाय. बूट बाहेर आहेत. एका बुटात मांजर झोपलंय."

"बूट काढले त्यानं?"

"हो."

"इतक्या वर्षांत कधी काढलेले आठवत नाहीत."

"मलाही नाहीत."

ताई हसली. अकरा दिवसांत पहिल्यांदा. तिनं दाजींच्या पायांतले मोजे हळूच काढले, घडी करून पिशवीत ठेवले, आणि सही केली. यंत्र काढल्यावर दाजी वीस मिनिटं होते.

दुपारपर्यंत सगळं उरकलं. संपादकाचा फोन आला, "तुझं दुःख समजतं, पण पान कोण लावणार?" गेलो. पुढचं पाकीट उघडलं. दोन हजार एकशे पंधरा.

दार उघडतं. बूटवाला बाहेर येतो. मांजर काही बुटातून हलत नाही. मग तो एक बूट पायात घालतो, दुसरा मांजरासकट काखेत मारतो आणि चालू लागतो. चांगला ठणठणीत.

खरं तर यात नवीन काय होतं? खोकाभर पाकिटं पडली होती, आणि प्रत्येकात हा मेला बाहेरच हिंडत होता. एकोणीस वर्षं ही चित्रं हाताळतोय, तरी ताईसमोर हे डोक्यात आलं नाही.

मी पंधरा परत पाकिटात कोंबलं आणि सोळा लावलं. त्यात तो न्हाव्याकडे बसलाय. त्या दिवशी एकही जास्तीची जाहिरात आली नाही. चारही चौकटी व्यवस्थित बसल्या.

सकाळी ताईकडे घर माणसांनी भरलेलं होतं. आमची काकू, ताईच्या जावा, शेजारी. कुणीतरी पेपर टाकून गेलं होतं. ताईनं दाजींचा चष्मा नाकावर चढवला आणि सहावं पान काढलं. बराच वेळ बघितलं. मग कोपऱ्यातल्या नंबरावर बोट ठेवलं.

"काल चौदा होता. हा सोळा."

"सुटला असेल एखादा," मी म्हणालो.

"पायात बूट आहेत याच्या," ताई म्हणाली. तिनं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे बघितलं. "पंधरात काय होतं रे? हा बाहेर कसा आला?"