जोडीनं बसायचं नाही

वर्गात नवरा-बायकोनं मांडीला मांडी लावून बसावं, हे माझ्या डोक्यातच जायचं. शाळेतून निवृत्त झाले तरी शिकवायची खोड गेली नाही, म्हणून बोरगाव मेघेत देवळाच्या सभागृहात दुपारी मोठ्या माणसांचा दहावीचा वर्ग घेते. सगळे रीतीनं बसतात. बाया उजवीकडे, पुरुष डावीकडे, सांगावं लागत नाही. पवनारहून बसनं येणारी चंद्रभान आणि जयवंताची जोडी तेवढी मधोमध, एका सतरंजीवर, एका पुस्तकात दोन डोकी घालून.

"काल लगन झालं वाटते या दोघायचं," वर्गातल्या सुलोचनाबाई पदरात तोंड खुपसून म्हणायच्या. इकडे चंद्रभानच्या मिशा पांढऱ्या झालेल्या, पोरगा पुण्यात नोकरीला लागलेला.

चंद्रभान एका कॉलेजात रोजंदारीवर शिपाई होता. यंदा दहावी झालास तर कायम करू, नाहीतर दुसरा माणूस पाहू, असं संस्थेनं त्याला बजावलं होतं. जयवंताची शाळा नववीत सुटलेली. "यायच्यासंगं मीबी देतो परीक्षा," म्हणून तिनंही फॉर्म भरला होता.

या दोघांचं गणित मला काही केल्या सुटेना. तोंडी प्रश्न विचारला की चंद्रभान सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचा, तेही माझ्याच शब्दांत. जयवंता तेव्हा खाली मान घालून बसायची. लिहायला दिलं की मात्र तिची वही पाहत राहावी. त्याची वही तिच्यासारखीच. इतकी, की तिनं खोडलेला शब्द त्यानंसुद्धा लिहून खोडलेला! मग माझा पारा चढला.

"चंद्रभान, नक्कल करायची तर अकलेनं करावी. उद्यापासून जोडीनं बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं दोन टोकांना बसली. मी फिरत फिरत प्रश्न सांगितले, सगळ्यांनी उतरवून घेतले. पेपर हातात आले आणि मी चक्रावले. चंद्रभानचा कोरा, वर फक्त नाव. ते समजण्यासारखं होतं. पण जयवंताचा? चार प्रश्न झकास, पुढे काहीच नाही. चोराचं घर बुडालं ते ठीक, सावाचं का बुडावं? वेगळं बसवलं म्हणून रुसली असतील, असं वाटलं आणि आणखी राग आला.

वर्ग सुटल्यावर जयवंता पाठमोरी वाकून सतरंजी गुंडाळत होती. मी मागून आवाज दिला. ती गुंडाळतच राहिली. दुसऱ्यांदा मी ओरडलेच, तशी बाहेर चपला शोधणाऱ्या सुलोचनाबाई दचकल्या, ही ढिम्म. मग मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय म्हणता मॅडम?" ती हसून म्हणाली. नजर माझ्या ओठांवर.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिले चार प्रश्न मी तिच्यासमोर उभी राहून सांगितले होते, बाकीचे पुरुषांकडे तोंड करून. एरवी मी सांगितलेलं शेजारी बसलेला नवरा स्वतःशी पुटपुटायचा, ते ती त्याच्या ओठांवरून ताडायची.

"तुला ऐकू येत नाही जयवंता?"

तिचा चेहरा उतरला. "समोरून बोललं तं समजते. यायले सांगू नका. हे रोज संध्याकाळी मले पेपर वाचून दाखवते. दिवसभरात तेवढंच जवळ बसते. तोंडापुढं पेपर राह्यते, मले एक अक्षर ऐकू येत नाई, मी फक्त मान हालवतो. बायको बहिरी हाय समजलं तं काऊन वाचतीन?"

मला तिची दया आली, पण गोंधळ वाढला. चंद्रभान पेपर वाचतो? घडघडा वाचणारा माणूस वर्गात कोरा कागद देतो?

मी त्याला दुसऱ्या दिवशी लवकर, एकट्यालाच बोलावलं आणि न शिकवलेला धडा पुढे केला. तो पुस्तकाकडे पाहत राहिला. मग ते मिटून ठेवलं.

"अक्षरं जागेवर राह्यत नाई मॅडम. लहानपणी गुरुजी मारे, तवाबी नाई राह्यली. जयवंताचं पाहून चित्र काढल्यावानी काढतो मी. ऐकलेलं सगळं ध्यानात राह्यते."

शाळेत अशी मुलं मी पाहिली होती. हुशार, पण अक्षरांशी वैर. पांढऱ्या मिशांच्या माणसात ते असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, हे जन्मापासून असतं, यात अकलेचा दोष नाही. तपासून दाखला घेतलास तर परीक्षेत लेखनिक मिळेल. तो वाचून दाखवेल, तू सांगशील ते लिहील. तू पास होशील चंद्रभान!

"नाई मॅडम," तो हात जोडून म्हणाला. "लेखनिक घेतला तं जयवंताले समजन. तिले रोज पेपर वाचून दाखवतो मी. मनचंच सांगतो, पण किती मन लावून ऐकते! ते सांगू नका तिले. नापास झालो तं झालो."

झालं. एकीनं म्हणायचं त्याला सांगू नका, दुसऱ्यानं म्हणायचं तिला सांगू नका. वर्गात मी फळ्याकडे वळायचं टाळायचे, चंद्रभानला वाचायला सांगता सांगता जीभ चावायचे. शेवटी जिचं सोपं तिचं आधी करू म्हणून जयवंताचे कान तपासून आणले. खर्चाचं आम्ही दोघींनी जमवलं. मशीन पदराआड कानात बसलं. तिला रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, तर ती रस्त्यातच माझा हात धरून रडली. मीही रडले. तिला पवनारच्या बसमध्ये बसवून, मोठं पुण्य केल्यासारखी घरी आले.

चहा ठेवला आणि एकदम लक्षात आलं. आज संध्याकाळी तो पेपर वाचणार, आणि आज ती ऐकणार.

मी गॅस बंद केला आणि मिळेल त्या बसनं पवनार गाठलं. काय करणार होते, देव जाणे. अंगणात शिरले तर चंद्रभान खाटेवर पेपर पसरून बसलेला, तोंड दिसत नव्हतं. जयवंता शेजारी तांदूळ निवडत होती. तिनं मला पाहिलं आणि डोळ्यांनीच बसायला खुणावलं.

"तळेगावात," पेपरामागून आवाज आला, "सरपंच उपोषणाले बसला. गावातली म्हैस आली, आन् मांडव खाऊन गेली. सावली गेली म्हनून सरपंचानं उपोषण सोडलं."

जयवंता फसकन हसली. सुपातले तांदूळ सांडले.

पेपर खाली आला. चंद्रभान तिच्याकडे पाहतच राहिला. "तू आजवर कदी हासली नाई."

"पेपर सकाळीच वाचला मी," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हशीची बातमी कुठं हाय त्यात?"

मी काहीतरी सावरायला तोंड उघडलं, पण जयवंतानंच कानावरचा पदर बाजूला केला. "आजच बसवलं. आजवर एकबी बातमी ऐकू नाई आली मले. तुमी जवळ बसता म्हनून मान हालवे."

चंद्रभाननं मशीनकडे पाहिलं, मग हातातल्या पेपरकडे.

"एकबी बातमी खरी नोती," तो म्हणाला. "मले वाचता येत नाई, जयवंता." आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मला वाटलं, आता ती चिडेल. मी तर चिडलेच असते. ती सूप बाजूला ठेवून त्याच्याजवळ सरकली, अगदी मांडीला मांडी लावून. चंद्रभाननं गमछ्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळला.

"मॅडम, तो दाखला कुठं भेटते? उद्याच जातो."

"मीबी येतो संगं," जयवंता म्हणाली, आणि त्याच्या हातातला पेपर काढून तिनं घडी घातली. "पेपरातलं मी वाचून दाखवीन तुमाले. पन आधी सांगा, त्या म्हशीचं पुढं काय झालं?"