रक्तपिपासू बायकांबद्दल अभिप्राय

अध्यक्षांनी ते पुस्तक मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसं दोन बोटांत उचललं आणि टेबलावरून बाईंकडे सरकवलं.

वाचनालयाच्या समितीत माणसं पाच, पण पुस्तक वाचलं होतं फक्त बाईंनी. बाकीच्यांनी मुखपृष्ठ वाचलं होतं. पडका किल्ला, बिलगलेल्या दोन बायका, एकीच्या मानेवर लाल थेंब. तक्रार आलेलं पुस्तक एका सभासदानं वाचायचं, चिठ्ठीवर अभिप्राय लिहायचा, सही करायची आणि पुस्तक राहिलं तर ती चिठ्ठी शेवटच्या पानावर चिकटवायची, असा नियम. मुख्याध्यापिका असताना बाईंनी एकतीस वर्षांत कुणाला एक कृपागुण दिला नव्हता. म्हणून अध्यक्षांनी त्यांनाच निवडलं होतं.

बाई बावीस वर्षं एका निवृत्त नर्सबरोबर राहत होत्या. गल्लीत 'बाई आणि सिस्टर' म्हणून कौतुक होतं. दोन एकट्या बायका, एकमेकींना आधार. त्या कौतुकाच्या आडोशाला संसार निर्धास्त चालला होता.

"'काढावे' लिही आणि मोकळी हो," सिस्टर सकाळी म्हणाली होती. "मला काही वाटायचं नाही." मग तिनं धुतलेलीच कपबशी पुन्हा धुतली होती.

"वाचा, बाई," अध्यक्ष म्हणाले. "एकमेकींचं रक्त पिणाऱ्या बायका म्हणे. आपल्या लेकीसुना येतात इथं."

"एकमेकींचं पीत नाहीत त्या. वाचलं असतंत तर कळलं असतं."

खजिनदारांना खोकल्याची उबळ आली.

बाईंनी पुस्तकातली चिठ्ठी काढली. कोपरं टेबलावर टेकवली आणि वाचायला सुरुवात केली.

"'किल्ला, धुकं, शवपेट्या झकास. भीती वाटते. पण या दोघी तीनशे वर्षं एका छपराखाली राहतात आणि एकदाही भांडत नाहीत. एक तापानं फणफणते, तर दुसरी चंद्राकडे बघत उसासे टाकते, कपाळावर हात ठेवत नाही. लेखिकेला रक्तातलं कळतं, सोबतीतलं कळत नाही. एवढा दोष सोडता पुस्तक ठेवावे.'"

चिटणीसबाई नखं न्याहाळू लागल्या.

"सोबतीतलं..." अध्यक्ष सावकाश म्हणाले. "हे तुम्हाला हो कसं..."

वाक्य त्यांनी अर्ध्यात सोडलं. त्यांच्या मनात कसली जुळवाजुळव चालली आहे ते बाईंना दिसत होतं. काहीतरी करायचं म्हणून अध्यक्षांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटली आणि कपाळाला आठी घातली.

"मागं दुसरंच अक्षर आहे."

बाईंनी चष्मा सारखा केला. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. औषधाच्या बाटलीवर लिहावं तसं गोल, सुटं अक्षर.

'मीही वाचले. बाईंचे म्हणणे बरोबर आहे, बावीस वर्षांच्या अनुभवाने सांगते. भांडण मात्र दर वेळी त्याच काढतात.' खाली सही, पूर्ण नावानिशी.

"शेवटचं वाक्य साफ खोटं आहे," बाई म्हणाल्या आणि डिंकाची बाटली पुढं ओढली. चिठ्ठीच्या एकाच कडेला त्यांनी डिंक लावला, म्हणजे उलटून मागची बाजूही वाचता यावी.