टुबावाल्याच्या शेजारची भिंत

मी भिंत बोलतेय. यॉर्कशरमधल्या एका गावात, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीत, दोन घरांच्या मधोमध उभी आहे. गिरणीमालकाने कामगारांसाठी ही घरं बांधली, तेव्हा विटांच्या बाबतीत हात जरा आखडताच घेतला. म्हणून मी अशी पातळ.

माझ्या एका अंगाला मॉरीनबाई, एकट्या राहणाऱ्या. दुसऱ्या अंगाला क्लिफर्ड, गावच्या बँडमध्ये टुबा वाजवणारा. संध्याकाळी खाणं आटोपलं की हा गडी ते अगडबंब पितळी वाद्य मांडीवर घेणार आणि फुंकायला लागणार. मॉरीनबाईंच्या बशा थरथरायच्या. बाईंनी माझ्यावर जाड रजई टांगली, पण त्याला जाऊन एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्याला कारण आहे. इथे घर विकताना शेजाऱ्याशी तंटा-तक्रार झाली असेल तर ती गिऱ्हाइकाला लिहून द्यावी लागते. मग शहाण्या माणसांनी सोपी युक्ती काढली: तक्रारच करायची नाही! मनातल्या मनात दात-ओठ खायचे आणि दारात भेट झाली की हवापाण्याचं बोलायचं. क्लिफर्ड तर सगळ्यांना सांगायचा, "आमची भिंत म्हणजे किल्ल्याचा तट! मॉरीनबाईंनी आजवर हूं की चूं केलेलं नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अखेर बाईंनी घर विकायला काढलं. व्हिटबीला बहीण आजारी होती, तिच्याजवळ राहायला जायचं होतं. डॅरन आणि जोआन हे तरुण जोडपं घर बघायला आलं. क्लिफर्ड कामावर असेल अशी वेळ दलालाने मुद्दाम साधली होती. दोघांना घर फार आवडलं. रविवारी दुपारी ते पुन्हा आले, तेव्हा दलाल बाईंच्या कानाशी लागला, "तक्रार नाही, म्हणजे लिहायचंही काही नाही. तुम्ही फक्त गप्प राहा."

"शेजार कसा आहे हो?" जोआनने विचारलं.

"माणूस लाखात एक आहे," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. बहिणीकडे जाणं हाताशी आलं होतं. आणखी एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळं निसटलं असतं.

पण बाई उठल्या. रजई ओढून काढली आणि मला मुठीने धाडधाड ठोकलं. "क्लिफर्ड! वाजव रे तुझा टुबा! या पोरांना ऐकू दे!"

पलीकडे काटा ताटलीत पडला. "तुम्हाला ऐकू येतं?"

"पहिल्या दिवसापासून!"

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"बोलले असते तर हे घर कोणी घेतलं असतं?"

दलालाने कपाळाला हात लावला. क्लिफर्डने बिचाऱ्याने हळूच फुंकून पाहिलं. "तसं नाही, रोजच्यासारखं!" बाई ओरडल्या. मग जो आवाज आला, त्याने मी पायापासून हादरले.

डॅरन शरमेने लाल झाला. "बाई, आम्हीही एक गोष्ट लपवली. मी ढोल वाजवतो. खालच्या शेजारणीने तक्रार केली, ती लिहून द्यावी लागली आणि आमचा फ्लॅट पडेल भावात गेला. म्हणून इथे सांगायची हिंमत झाली नाही."

तेवढ्यात माझ्यातून आरपार आरोळी आली, "ढोल? आमचा ढोलवाला कधीचा बँड सोडून गेलाय! पोरा, घर घेच!"

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सौदा तिथल्या तिथे ठरला. त्या दिवशी मला माझ्या पातळपणाचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

आता एका अंगाला टुबा, दुसऱ्या अंगाला ढोल. गिलाव्याचे पोपडे पडतात, पडोत. माझं मागणं एवढंच, की घर बघायला जाल तेव्हा शेजारी घरात असताना जा, आणि विकायला काढाल तर त्याचा आवाज लपवू नका.

गेल्या रविवारी मॉरीनबाई क्लिफर्डकडे जेवायला आल्या होत्या. बहिणीची तब्येत सुधारली आहे म्हणाल्या. इकडे डॅरनने ढोल सुरू केला. बाईंना आता काहीच विकायचं नव्हतं. चमचा टाकून त्या उठल्या आणि मला बडवत ओरडल्या, "अरे ए डॅरन! किती तो गोंगाट! माणसांनी जेवायचं की नाही?"

चेहरा नुसता फुलला होता त्यांचा. ठोका, मॉरीनबाई, पोटभर ठोका!