माझा स्टार्टर उसना गेला

मी एक जुनी डाळमिल आहे, मित्रांनो, आणि माझा आवाज लय मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवते. वालूरच्या शिवारातली तूर घरात आली की मला गप्प बसताच येत नाही. शेजारच्यांना माझ्या घरघरीत फोनवर बोलता येत नाही म्हणे. न का येईना. मी काही फोनवर बोलण्यासाठी जन्मले नाही.

माझा जन्म अकोल्याकडच्या एका कारखान्यात झाला. पोटात खरखरीत रूळ, डोक्यावर तूर ओतायचं नसराळं, खाली चाळण्या आणि बाजूला मोटार. तूर वरून आत येते, रुळावर घासून तिचं टरफल निघतं आणि खालून पिवळीजर्द डाळ पडते. टरफलं आणि तुकडे यांची चुनी वेगळी निघते, ती म्हशींसाठी. भिंतीवर माझी एक लोखंडी डबी असते, तिला स्टार्टर म्हणतात. हिरवं बटण दाबलं की मी सुरू, तांबडं दाबलं की बंद. ही डबी लक्षात ठेवा बरं का, पुढचं सगळं तिच्यापायीच घडलं.

माझी पहिली वर्षं जिंतूरला व्यंकटरावांकडे गेली. माणूस फार मायाळू. सकाळी उठले की आधी मला फडक्यानं पुसायचे आणि मग चहा घ्यायचे. पुढं त्यांचे गुडघे गेले, मुलगा नोकरीसाठी हैदराबादला राहिला आणि माझ्या अंगावर बारदाना पडला. कोंबड्या माझ्या नसराळ्यात अंडी घालू लागल्या. कोंबड्यांवर माझा राग नाही, पण चांगल्या धडधाकट डाळमिलीचं खुराडं व्हावं, हे माझ्या फार जिवाला लागलं.

तिथून मला वालूरच्या वैदेहीनं आणलं. ही पोर परभणीला धान्यावरच्या प्रक्रियेचं शिकून आली होती. पुण्याच्या एका कंपनीत तिला नोकरी तयार होती. पण ती वडिलांना, म्हणजे चंद्रभानरावांना, म्हणाली, "बाबा, आपली तूर पोत्यानं बाहेर जाती अन् डाळ होऊन पुडक्यात परत येती. मधलं काम आपल्या गावात कामून होऊ नये?"

चंद्रभानरावांनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाले, "एक साल बघ. न्हाई चाललं तर मशीन इकायची अन् तू पुण्याला जायचं. मग कुरकुर करायची न्हाई."

वैदेहीनं कबूल केलं. तिनं मला खरवडून धुतलं, नवा पट्टा घातला, जळका स्टार्टर स्वतः उघडून नीट केला. पत्र्याच्या दारावर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं, 'वैदेही डाळ स्टार्टअप'. तो शब्द मलाही नवा होता, पण दिसायला झोकदार होता.

उन्हाळा मजेत गेला. वैदेहीची आई सुमनबाई तुरीला तेलपाणी लावून गच्चीवर वाळवून घ्यायच्या आणि मी दिवसभर भरडायची. गल्लीतल्या सरजाबाईंनी पहिल्या डाळीचं वरण केलं आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर आणून वैदेहीला दिलं. "लवकर शिजती गं, अन् वास बी कसा सुटलाय बघ," असं त्या म्हणाल्या. माझ्या नशिबी वरण नाही, पण ते ऐकून माझं पोट भरलं.

मग पावसाळा आला. आभाळ भरलेलं, तूर वाळेना, आणि खरं तर गावात भरडायला तूरच उरली नव्हती. मी गप्प झाले. जाणारे-येणारे विचारायचे, "बंद पडली का पोरीची कंपनी?" मित्रांनो, बंद पडणं निराळं आणि हाताला काम नसणं निराळं. हे मला ओरडून सांगायचं होतं, पण ओरडायला तरी कुणी बटण दाबायला पाहिजे ना. वैदेही रोज येऊन मला पुसायची. एकदा पुसता पुसता थांबली आणि माझ्या पत्र्यावर नुसता हात ठेवून बसली. तेव्हा मला व्यंकटरावांची फार आठवण झाली. पुन्हा बारदाना, पुन्हा कोंबड्या, आणि ही पोर पुण्याला.

श्रावणात पावसानं दडी मारली. सोयाबीन फुलात होतं आणि माना टाकू लागलं. ज्याच्या विहिरीत पाणी होतं त्यानं मोटार लावली. सगळ्यांनी एकदमच लावल्यामुळं लाईटीचा दाब उतरला आणि मोटारींचे स्टार्टर जळू लागले. तशातच, साल भरलं नव्हतं तरी मी रिकामी बसलेली बघून, चंद्रभानरावांनी मला बघायला गिऱ्हाईक बोलावलं होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊनच येणार होतं.

आदल्या दिवशी दुपारी पलीकडच्या वस्तीवरचे महारुद्र आले. काखेत जळका स्टार्टर होता. तो त्यांनी वैदेहीपुढं ठेवला.

"ताई, एवढा करून द्या."

"काका, इथं डाळ करतेत."

"मग भाईर लिव्हलंय की, स्टार्टर अप म्हणून. आमचा खालीच बसलाय, अपच होईना."

वैदेही हसली. किती दिवसांनी हसली ती. मग तिनं खरंच स्टार्टर उघडला. आतली कॉइल जळली होती. "नवी परभणीहून आणावी लागंल. उद्या सांजच्याला देते," ती म्हणाली.

महारुद्र उठले नाहीत. "उद्यापस्तोर फूल गळून जाईल, ताई," एवढंच बोलले.

वैदेहीनं माझ्याकडे पाहिलं. मला अंदाज आलाच. तिनं लाईट बंद केली, भिंतीवरचा माझा स्टार्टर सोडवला आणि त्यांच्या हातात दिला. माझी आणि त्यांच्या विहिरीवरची मोटार सारख्याच ताकदीची होती. सकाळी गिऱ्हाईक येणार हे काय तिला ठाऊक नव्हतं? मुद्दाम दिला की मायेनं दिला, हे मला अजून कळलेलं नाही. मला मात्र राग आला. एक डबी काय ती माझी, तीही उसनी.

सकाळी गिऱ्हाईक आलं. मला चारी बाजूंनी ठोकून पाहिलं आणि म्हणालं, "चालवून दाखवा."

"स्टार्टर उसना गेलाय," वैदेही हळूच बोलली.

"उसनं साखर-पत्ती जाती. स्टार्टर जातो व्हय?"

चंद्रभानराव शरमले. "आत्ता घेऊन येतो," म्हणत गाडीला किक मारून महारुद्रांच्या शेताकडे गेले. आम्ही तिघंही वाट बघत राहिलो. टेम्पो दारात, वैदेही उंबऱ्यावर आणि मी भिंतीशी. माझे सगळे नट आवळल्यासारखे झाले होते.

चंद्रभानराव परत आले ते मोकळ्या हातानं. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते.

"पाणी चालू हाय," ते म्हणाले. "अर्धं रान भिजलंय, अर्धं ऱ्हायलंय. मधूनच कसा काढून आणू?"

"मग मी काय करू? माझा टेम्पो उभा हाय."

चंद्रभानरावांनी एकदा लेकीकडे बघितलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "मग जावा तुमी. मशीन इकायची न्हाई."

मला तेव्हा घरघरायचं होतं, मित्रांनो. पण स्टार्टर कुठं होता!

महारुद्रांचा स्टार्टर नीट झाला, माझा भिंतीवर परत आला, आणि ही गोष्ट पसरताच त्या आठवड्यात आमच्या दारात जळक्या स्टार्टरांची रांग लागली. वैदेही कॉइल बदलायची आणि चंद्रभानराव स्क्रू पिळायचे. स्टार्टर घेऊन आलेला माणूस मला बघायचा, नसराळ्यात हात घालायचा, चाळणी हलवून बघायचा आणि विचारायचा, "आमची तूर बी होईल का?" तूर निघाली तेव्हा महारुद्र आख्ख्या वस्तीची तूर गाडीत घालून आले. आता सरजाबाईंसह गल्लीतल्या बायकांना गच्चीवर वाळवणाचं काम असतं. त्यांच्या म्हशी माझी चुनी खातात. पुण्याच्या नोकरीचं नाव आता घरात निघत नाही. दारावर 'स्टार्टअप' खाली चंद्रभानरावांनी स्वतः वाकड्या अक्षरांत लिहिलंय, 'स्टार्टर बी करून मिळतील'.

तर मित्रांनो, तुमच्याही गावात कुणी नवं काही मांडलं असेल. मालाच्या दिवसांत त्याच्याकडे सगळेच जातात. ते मरतं रिकाम्या महिन्यांत. तेव्हा त्याच्या दारावरून हसत पुढं जाऊ नका. आत डोकवा, चुकून का होईना, एखादं काम सांगा.

आणि कधी वालूरला आलात आणि मी गप्प दिसले, तर बंद पडली म्हणू नका. पावसानं दडी मारली असेल आणि माझा स्टार्टर कुणाच्या तरी विहिरीवर गेला असेल.