काचेवरची सुपारी

"बाबा, आपल्या गोदामातली सुपारी तुमी स्वतः काहून नाही खात?"

मयुरानं विचारून टाकलं आणि पोळीचा तुकडा हातातच धरून बाबांच्या तोंडाकडं बघत बसली. तिच्या दप्तराला माचिसचा वास येतो म्हणून वर्गात प्रशिक रोज नाक दाबायचा, आणि काल खुशीनं तिला डिवचलंच होतं, "हे तुह्या बाबाले विचारून दाखव, मग मानते तुले." मागच्या वर्षीची मयुरा असती तर खाली मान घालून घरी गेली असती. पण यंदा स्नेहसंमेलनात माइक हातात घेतल्यापासून तिची भीड अशी काही चेपली होती, की मुख्याध्यापकांशीसुद्धा ती शेजारच्या काकूंशी बोलावं तशी बोलायची.

शनिवारची अर्धी शाळा करून ती लकडगंजातल्या बाबांच्या सुपारीच्या दुकानात आली होती, आणि तिची आई देवकी तिघांचा डबा घेऊन. बाबा, म्हणजे बाजारातले जितेंद्रशेठ, वरणाचा भुरका मारत म्हणाले, "खातो ना. चौकातल्या टपरीवरचा सुपारी-तंबाखूचा खर्रा रोज खातो."

"त्याले सुपारी आपणच देतो ना?"

"देतो. पण माह्यासाठी तो दुसरी, चांगली ठेवते." बोलून झाल्यावर बाबांनी जीभ चावली.

"जेव वं मुकाट्यानं," आई म्हणाली.

मयुराचं जेवण तिथंच आटोपलं. हात धुऊन ती कामाला लागली. काम होतं फॅक्सचं, आणि ते तिनं हौसेनं मागून घेतलेलं. छिंदवाड्याचे वामनराव हे दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मोबाइलवरच्या फोटोवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फोटोला रंग फासता येतो, फॅक्स लबाडी करत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मालाचा नमुना त्यांना अजून फॅक्सनंच जायचा. सुपारी अडकित्त्यानं मधोमध फोडायची, फोडलेली बाजू खाली करून स्कॅनरच्या काचेवर मांडायची, आणि जे पान निघेल त्यावर भाव लिहून पाठवायचं.

पण फॅक्सला राखाडी रंग कळत नाही. काळं नाहीतर पांढरं, मधलं काही नाही. स्कॅन तसं करून घ्यायला कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडून त्यात कमांड टाइप करावी लागायची. माऊसला तिथं कोणी विचारत नाही. हे काम बघणारे दुकानाचे मुनीमजी सोडून गेल्यावर ते सगळं बंदच पडलं होतं. मयुरानं खपून ते चालू केलं, आणि वर त्या कमांडमधला एक आकडाही शोधून काढला. तो पन्नासवर असला की जरासं गडद असेल तेही काळंकुट्ट उमटायचं. तीसवर आणला की काचेवरची धूळ, ओरखडे, बोटांचे ठसे सगळं उडून पान लख्ख निघायचं. बाबांनी ते पान बाजारभर मिरवलं होतं.

रोज बाबाच सुपारी फोडून काचेवर मांडून द्यायचे. आज त्यांचा फोन चालू होता, म्हणून मयुरानं स्वतःच गोणीत हात घातला, आणि घातला तसा बाहेर काढला. हात ओलसर. बोटांना हिरवट भुकटी. ओल्या गोधडीत फटाके फोडावेत तसा वास. सुपारी वरून मात्र गंधकाची धुरी खाऊन नवरीसारखी पिवळी झालेली. तिनं एक फोडली. आत पांढऱ्या गराच्या जागी करडी बुरशी, केसाळ, उंदराच्या पाठीसारखी. दुसरीतून एक अळी निघाली आणि सावकाश तिच्या अंगठ्याकडं चालू लागली.

तिनं अळी झटकली आणि तुकडे काचेवर मांडले. आकडा पन्नासवर ठेवला. पानावर गोल गोल काळे डाग उमटले, जणू शेणाच्या गोवऱ्या थापल्या होत्या.

बाबा फोन ठेवून मागं येऊन उभे राहिले. "असं नोको. तीस कर. नेहमी करते तसं."

"बाबा, नेहमी मी धूळ काढत होती."

"तेच ना. थोडी जास्त निघते. तेव्हापासून वामनरावानं एक नमुना नापास नाही केला."

मयुराच्या बोटांनी तीस टाइप केलं. तिला बघायचंच होतं. आणि बुरशी गेली. राहिल्या फक्त नाजूक काळ्या शिरा आणि पांढराशुभ्र गर, पूजेच्या ताटात ठेवावी अशी सुपारी. अळी बघून आली नव्हती एवढी किळस तिला त्या स्वच्छ पानाची आली. ती खुर्चीवरून उठली, तर बाबांनी वाकून स्वतःच पान पाठवून दिलं.

थोड्याच वेळात वामनरावांचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"काय माल आहे गा जितेंद्र. एकदम दुधासारखा. पोरीले सांग, तिच्या हाताले गुण आहे."

बाबा हसले, मयुराकडं बघून त्यांनी डोळा मिचकावला आणि फोन ठेवला.

"हे लोकं खाते, बाबा," मयुरा म्हणाली.

"खर्रा खाणारा काय तब्येतीसाठी खाते का? तंबाखू-चुन्यात सगळंच घोटून निघते."

"साऱ्या बाजारात हेच चालते वं," आई डबा बांधत म्हणाली. "तुले एकटीलेच काहून वास येऊन राहिला?"

"कारण ते पान मी बनवलं. वामनरावकाका माह्या भरवशावर घेऊन राहिले."

"वामनराव गेला त दुकान अर्ध्यावर येईन," बाबा आता हसत नव्हते. "समजते का तुले?"

समजत होतं. तरी ती पुन्हा खुर्चीवर बसली, काळी खिडकी उघडली आणि मागं न वळता बोलली, माइकशिवायही रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात.

"आई, बाबा, मी दुसरा फॅक्स पाठवून राहिली. याच सुपारीचा, पन्नासवर. आन खाली लिहिते की आधीच्या पानातली बुरशी मी झाकली होती, मांगच्या साऱ्या नमुन्यांतलीही. फोन आला की मीच उचलीन."