वरचा उजवा कोपरा

“थोबाडीत मारली तिच्या,” मी म्हटलं. “आणि आता बघा, ही त्याच्याच गळ्यात पडणार.”

“गप्प बस. ठिपका येतोय.”

पडद्यावर ती खरोखरच गळ्यात पडली. बाबांनी पाहिलं नाही. त्यांची नजर लॅपटॉपच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर होती. तिथे क्षणभर एक ठिपका उमटला. “मोटर,” ते पुटपुटले. सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला, तसा त्यांच्या अंगठ्याने पलंगाचा लोखंडी कठडा दाबला. “सोडला.”

छत्तीस वर्षं त्यांनी एका थिएटरच्या केबिनमध्ये हेच केलं होतं. रीळ संपत आलं की कोपऱ्यात पहिला ठिपका येतो. दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. दुसरा आला की पडद्यावरचं चित्र त्या मशीनवर न्यायचं. दोन रिळांमधला सांधा प्रेक्षकाला कळता कामा नये. कळला की खालून शिट्ट्या आणि ऑपरेटरच्या नावाने शिव्या. नाही कळला, तर काहीच नाही.

खुब्याचं हाड मोडून ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी महिन्याची रजा काढली. काय हवंय, विचारलं, तर त्यांनी तीस चित्रपटांची यादी सांगितली. सगळे हॉलिवूडचे, पन्नास सालाच्या आसपासचे, मॅटिनीला त्यांनी चालवलेले. रोज एक. आज एकोणतिसावा होता आणि मला त्या काळ्यापांढऱ्या जगाची शिसारी आली होती. ट्रे घेऊन डोळे गरगर फिरवणारा काळा नोकर. शेवटी नोकरी सोडून धन्य होणारी टायपिस्ट. कोणी रडायच्या आधीच रडू लागणारी व्हायोलिनं. मी शेजारी बसून लघवीची पिशवी बदलायची आणि समोर माणसं स्वच्छ उशीवर मरायची.

बाबांना पुसून काढायला येणाऱ्या मावशी दारात थबकल्या. “काय हो ताई, ही बाई कधीची खोकतेय, पण लिपस्टिक काही हलत नाही तिची!”

“तिला ताकीद दिलीय, मावशी,” बाबा म्हणाले. “खोक, पण विस्कटू नको.”

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसले नाही.

“आमच्या पुस्तकं वाचणाऱ्या बाईंना आवडलेलं दिसत नाही,” बाबा माझ्याकडे बघून म्हणाले.

“किळस येते मला, बाबा. मरण असं नसतं.”

“नसतं,” ते म्हणाले. चित्रपट संपल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. “सांधा कळला का?”

फाइलमध्ये सांधा कुठून असणार? तरी मी नेहमीचंच उत्तर दिलं. “कळला.”

“हं. अंगठा वेळेवर पडत नाही आता. उद्या बघतो नीट.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पाठ पुसत असताना ते गेले. तोंड उघडं राहिलं होतं. ते मिटायला मला दोन वेळा प्रयत्न करावा लागला.

पाचव्या दिवशी दुकानातून फोन आला, भाड्याचा पलंग न्यायला चार वाजता माणसं येतील. मी बाराला लॅपटॉप पलंगापुढे ठेवला आणि यादीतलं शेवटचं नाव लावलं.

ते नाव मी ओळखत होते. मी चौदा वर्षांची होते. इस्पितळात आईजवळ मी एकटी होते आणि थिएटरात हाच चित्रपट चालू होता. मध्यंतरात मॅनेजरच्या खोलीत इस्पितळाचा फोन गेला: लगेच या. दुसरा ऑपरेटर रजेवर होता. बाबा खेळ संपवून आले. त्यांच्या शर्टाला मशीनमधल्या जळत्या कार्बनच्या धुराचा वास येत होता आणि आईचा चेहरा झाकलेला होता. नंतर घरी भेटायला आलेले मॅनेजर बाहेर निघताना मला कौतुकाने म्हणाले, “बाप आहे हं तुझा! त्या दिवशीसुद्धा एक सांधा कळला नाही पब्लिकला.”

तोवर खेळ बघून आले की बाबांच्या त्या प्रश्नाला मी खरं उत्तर द्यायचे. नाही कळला. त्या दिवसानंतर चाळीस वर्षं, त्यांनी कधीही विचारलं तरी, “कळला.” दर वेळी त्यांचा चेहरा किंचित उतरायचा आणि मला बरं वाटायचं. हे नाव त्यांनी शेवटी का घातलं असेल? मी विचारलं नव्हतं.

मध्यंतरानंतर नायिका आजारी पडली. केसांची एक बटही न हलवता ती मरू लागली. लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तेवढ्यात कोपऱ्यात ठिपका आला.

हा ठिपका आला तेव्हा इस्पितळाचा फोन येऊन गेला होता. त्यांना माहीत होतं.

एक, दोन, तीन. इस्पितळ तिथून वीस मिनिटांवर. चार, पाच. खाली चारशे माणसं अंधारात. सहा. दुसरा ठिपका आला आणि माझा अंगठा रिकाम्या पलंगाच्या कठड्यावर दाबला गेला. पडद्यावर ती बाई तशीच मरत राहिली, कुठेही न अडखळता.

“तुम्ही यायला हवं होतं, बाबा,” मी मोठ्याने म्हटलं. इतकं मोठ्याने की स्वयंपाकघरात मावशींची भांडी थांबली. “सगळं तसंच टाकून यायला हवं होतं.”

मी अंगठा कठड्यावरून उचलला.

“आणि सांधा नाही कळला. एकदाही नाही.”