नळात बसलेलं नाणं

देव भक्ताची परीक्षा बघतो म्हणतात. नाणी जमवणाऱ्यांची परीक्षा बघायला त्याला वेळ कुठला, म्हणून त्याने मेहुणे जन्माला घातले.

माझ्या मामाचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी आलं की स्वतःच्या डोळ्याला भिंग लावून युद्धाच्या काळातली नाणी बघत बसायचं. सोन्याचांदीचं त्याला कौतुक नाही. त्याचा जीव टंचाईच्या नाण्यांवर: तांबं तोफगोळ्यांना लागलं म्हणून पातळ केलेली, नाहीतर मधोमध चक्क भोक पाडलेली.

"या भोकातलं तांबं रणांगणावर गेलंय," मामा गहिवरून सांगायचा. "राजाचं तोंड छापायलाही जागा उरली नाही, बघ. इतिहास आहे हा!"

"म्हणजे तुम्ही भोकं जमवता," मामी म्हणायची. "मग आपल्या नळालाही लावा की भिंग. तोही इतिहासजमाच आहे."

खरं होतं तिचं. स्वयंपाकघरातला नळ वर्षानुवर्षं टपटप जप करत होता आणि त्या जपाचं पुण्य घरात कोणालाच लागत नव्हतं.

अशात नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाने जाहीर केलं की वाचनालयाच्या दारातलं काचेचं कपाट एका सभासदाच्या संग्रहाला मिळणार. अट एकच, युद्धाचं एकही वर्ष सुटता कामा नये. मामासमोर उभा होता एक दातांचा डॉक्टर. "लोकांचे अख्खे संग्रह मुळासकट उपटून आणतो मेला," असं मामाचं त्याच्याबद्दल मत. पण शेवटच्या वर्षाचं भोकाचं नाणं मामालाच मिळालं होतं. मळकट होतं. जुनं नाणं घासणं म्हणजे महापाप, म्हणून त्याने ते मळ सुटायला तेलाच्या वाटीत बुडवून ओट्यावर ठेवलं.

ज्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षबाई संग्रह बघायला यायच्या होत्या, त्या दिवशी दुपारी मामा बघतो तर वाटीत नुसतं तेल.

"अगं, नाणं कुठंय?"

"मला काय माहीत! सकाळी पाना येऊन नळ दुरुस्त करून गेला, त्याला विचारा."

पाना म्हणजे मामीचा धाकटा भाऊ. नळदुरुस्तीच्या धंद्यामुळे पडलेलं नाव. निरोप मिळताच हजर झाला, तोही शाबासकीच्या आशेने.

"ती वायसर ना? आतल्या रबराला धरणारी जुनी चकती पार गंजली होती, दाजी. बघतो तर तुम्ही नवी आणून, तेलबिल लावून तयार! म्हटलं, दाजींना अक्कल आली. कशी चपखल बसली!"

"गाढवा, त्याच्यावर अक्षरं होती!"

"वायसर काय वाचून बसवायची असते?"

मामाने त्याच्या पिशवीतून पाना उपसला. मामी नळासमोर आडवी उभी राहिली.

"इतक्या वर्षांनी गप्प झालाय तो. हात लावलात तर मी माहेरी जाईन."

"ताई, माहेर इथंच उभं आहे," पाना म्हणाला, आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या. पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. मामाने एकेक वर्ष दाखवलं. शेवटच्या रिकाम्या खणापाशी येऊन तो थांबला.

"हे... नळात आहे."

बाई हसल्या नाहीत. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही."

मामाचं तोंड एवढंसं झालं. मामीने ते बघितलं आणि नळासमोरून बाजूला झाली. "काढ रे," ती भावाला म्हणाली. "नळाचं काय, गळेल परत."

पान्याने मुख्य कॉक बंद करून नळ खोलला. नाणं पुसून हातावर ठेवलं. बाईंनी भिंग लावलं आणि उसासा टाकला.

"भोकाभोवती नट चावलाय. ताजा ओरखडा आहे. कपाटात नाही चालणार हो."

कपाट डॉक्टरचं झालं. बाई गेल्यावर मामा बराच वेळ ते नाणं तळहातावर फिरवत बसला. मग म्हणाला, "पान्या, पिशवीत दुसरी वायसर आहे?"

"मूठभर आहेत."

"राहू देत. हेच बसव."

मामीने भावासाठी चहा टाकला.

डॉक्टरचं कपाट वाचनालयात दिवे लावून उभं आहे. लोक त्याच्या काचेत भांग बघतात आणि पुढे जातात. मामाकडे मात्र रीघ लागते. तो पाहुण्यांना थेट स्वयंपाकघरात नेतो, नळ पूर्ण सोडतो, घट्ट बंद करतो. थेंब नाही. मग गहिवरून सांगतो, "दिसत नाही, पण आत आहे. श्रद्धा ठेवावी लागते."

पाहुणे वाकून, मान वळवून नळाच्या तोंडात बघतात.

"दर्शन झालं असेल तर सरका," मागून मामी म्हणते. "मला भांडी घासायचीत."